सायकल चोरीला गेली नव्हती

नंदनवन, नागपूर
रविवार, रात्री

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

कोकणात सायकलवर फिरतोयस, दाभोळहून फेरीबोटीनं आलास, धोपाव्याच्या धक्क्याच्या उतारावर घसरलास, गुडघा सोलवटला. हे सगळं तू बाबांना सांगितलंस आणि वर "आईला बोलू नका" म्हणालास. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे इतक्या वर्षांत कळलं नाही का रे तुला? मेथी निवडता निवडता सगळं ओकून मोकळे झाले. मोबाइलवर टाइप करायला मला तास लागतो, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. रागवायला लिहीत नाही.

तू का पडलास ते मी इथे कॅलेंडर घेऊन शोधून काढलं. हर्णैच्या कोळीणमावशींनी सांगितलेलं गणित तूच मला फोनवर ऐकवलं होतंस: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! अभ्यासक्रमात नसतानाही मी पोरांकडून पाऊणकी घोकून घ्यायची. तपासणीला आलेले साहेब हसायचे. आणि तिकडे अख्खा समुद्र पाऊणकीवर चालतोय.

परवा पंचमी होती. पाच पाऊण पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, दहाच्या आसपास, पुरती ओहोटी. तू नेमका दहाला पोचलास. पाणी खाली गेलं की बोटीची फळी धक्क्याच्या एरवी बुडालेल्या भागावर टेकते, आणि तिथे असतं शेवाळ. त्यावर मागे एवढं बिऱ्हाड लादून तू सायकलवरून न उतरता निघालास. (हेही बाबांनीच सांगितलं.)

आता माझं ऐक. माझी पहिली सायकल इतवारीतून चोरीला गेली असं तुझ्या आजीपासून तुझ्यापर्यंत सगळ्यांना मी सांगत आले. ते खोटं आहे. ती वैनगंगेत आहे.

1991 सालची गोष्ट. अंभोऱ्याजवळ खोली घेऊन राहत होते, शाळा नदीपलीकडे. तिथे पाच नद्या मिळतात. 2024 पासून तारांनी तोललेला मोठा पूल झालाय, लोक त्यावर फोटो काढायला जातात. तेव्हा डोंगाच होता, म्हणजे लहान लाकडी नाव. गोसेखुर्द धरणाचं पाणी अजून अडलं नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्यात नदी वाळूत लपायची आणि श्रावणात अंगावर यायची. मी रोज सायकल डोंग्यात चढवायची. नावाडीमामा म्हणायचे, "बाई, आडवी पाडा जी तिले." मी ऐकायची नाही. नवी कोरी लेडीज सायकल, पगारातून हप्ते भरून घेतलेली, हिरव्या रंगाची. ती डोंग्यातल्या चिखलपाण्यात आडवी टाकायची? स्टँडवर उभी करायची आणि हँडल धरून मीही उभी राहायची. बाकी सगळे उकिडवे बसलेले, मी एकटी पुतळ्यासारखी.

त्या दिवशी एकाची बकरी बुजली. डोंगा एवढासा कलला आणि सायकल गेली. मी हँडल सोडलं नाही. कंबरेपर्यंत काठावरून बाहेर लोंबले होते, डोंग्यात पाणी यायला लागलं. मामा ओरडले, "सोडा जी, सोडा! सायकलीपायी आमाले बुडवता का?"

सोडलं. घंटीवर ऊन चमकलं ते आठवतं, मग काहीच नाही. कॅरिअरला चौथीच्या चाचणीचे पेपर बांधलेले होते, त्यातले चारदोन वर आले आणि धारेला लागले. बकरीवाला मला म्हणतो, "बाई, पोट्टे खुश होतीन." मी मनाने गुण मांडले आणि सगळ्यांना पास केलं. हेडमास्तरांना आजवर माहीत नाही. हप्ते मात्र पुढे सात महिने फेडत होते.

तुला पोहता येतं, बोट मोठी लोखंडी असते, त्यात मोटारी उभ्या असतात, हे मला समजतं. तरी बोटीत शिरताना नि उतरताना सायकलवरून खाली उतर, ब्रेकवर हात ठेवून हातानं ने. बोटीत तिला कठड्याला टेकव नि बांध, पण पिशवीचा पट्टा स्वतःच्या खांद्याला अडकवून बसू नकोस. मोटारी आधी जाऊ देत. आणि मुक्कामी पोचलास की चेन गोड्या पाण्यानं धू, पुसून तेल दे. खाऱ्या हवेचं काय होतं ते तुझ्या मामाच्या मुंबईच्या खिडक्या पाहून मला ठाऊक आहे.

गुडघा बरा असेल तर उद्या तवसाळहून जयगडला जाशील ना? उद्या अष्टमी. आठ पाऊण सहा. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे फारसं उतरायचं नाही, पण तू बाराचा मुहूर्त धरू नकोस. गुहागरहून पहाटे निघ.

कापूस आणि हळद आहे का जवळ? नसेल तर गावात घे. आणि जयगडला उतरलास की फोन कर. बाबांना नाही, मला.

तुझी,
आई