रोकड नव्हे, धान्यच. पण कोणते आणि कधी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आर्थिकदृष्ट्या कोलमडलेल्या देशाला धान्याऐवजी रोख मदत द्यावी, असे मत आपल्या अंकात वाचले. बाजारात माल असेल तर ते योग्यच. पण २००८ चा झिम्बाब्वे आठवावा. २००७ मध्ये सरकारने दुकानदारांना भाव निम्म्यावर आणायला लावले आणि दुकाने रिकामी झाली. पुढच्या जुलैत महागाईचा अधिकृत दर २३ कोटी टक्क्यांवर गेला. तिथे नोटा वाटून मका कुठून मिळणार होता?

धान्य पाठवतानाही घोळ होतोच. तिथे भुकेचे महिने जानेवारी ते मार्च. एप्रिलमध्ये नवा मका निघतो. देशाला समुद्रकिनारा नाही. नोव्हेंबरात जाग आली आणि अमेरिकेतून जहाज मागवले, तर माल गावात पोचेपर्यंत सुगी आलेली असते आणि शेतकऱ्याचा भाव पडतो. अशा वेळी दक्षिण आफ्रिकेत खरेदी करून सीमेवरच्या बाइटब्रिजमार्गे ट्रक धाडणे बरे.

अख्खा मका कोरडा ठेवला तर वर्षभर टिकतो, पीठ काही महिनेच. मग अख्खाच का देऊ नये? २००२ मध्ये झिम्बाब्वेने जनुकीय बदल केलेला मका दळूनच द्या, अशी अट घातली, कारण दाणा पेरला जाण्याची भीती. (झांबियाने तर पीठही नाकारले.) आणि अख्खा दिला की दळणावळ आलीच. हाती चलन नसलेले घर ती मक्यातच देते, म्हणजे तेवढा शिधा घटला. हा हिशेब नियोजनात सहसा धरलेला नसतो.

२००९ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी मासिक मका १० किलोंवरून ५ किलोंवर आणला, जास्त लोकांना पुरवण्यासाठी. १० किलो म्हणजे दिवसाला ३३३ ग्रॅम, साधारण १,२०० कॅलरी. ५ किलोंत जेमतेम ६००. गरज २,१०० ची धरतात. शिवाय ५० किलोंचे पोते आता पाचांऐवजी दहा जणांत फोडायचे. डब्याने मोजले तर शिगेचा डबा कुणाला, सपाट कुणाला, यावरून भांडणे ठरलेली. तराजू हवाच.

पैशाचेही आधी ठरवावे. २००८ मध्ये ग्लोबल फंडाचे (एड्स, क्षयरोग व मलेरियाविरुद्ध मदत देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ७३ लाख डॉलर झिम्बाब्वेच्या रिझर्व्ह बँकेत अडकले होते. बोभाटा झाल्यावर परत मिळाले. तेव्हा वाहतूकदाराचे बिल देशाबाहेरच्या खात्यातून डॉलरमध्ये चुकते करण्याची सोय करारातच असावी.

– एक वाचक