छातीत कळ, अँजिओग्राफी मात्र स्वच्छ

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला हृदयविकारावरचा लेख वाचला. ब्लॉकेज, स्टेंट, बायपास सगळे त्यात आले. पण ज्या दुखण्याने दोन हिवाळे आमच्या घराची झोप उडवली, त्याचा, म्हणजे हृदयाची धमनी अचानक आवळून येण्याचा (आचक्याचा), उल्लेखही नाही.

माझे धाकटे दीर पन्नाशीचे. दिवसा किल्ल्याचा चढ न थांबता चढत. पहाटे तीन-चारला मात्र छाती आवळून येई, घाम फुटे, आणि दहा मिनिटांत सारे शांत. सकाळी ईसीजी काढावा तर तो चांगला. आधी ॲसिडिटी ठरली. सासूबाईंचा ओवा-हिंग झाला. अँजिओग्राफीही स्वच्छ आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." त्यानंतर भावोजींनी दुखणे सांगणेच सोडले. एकदा मलाच विचारले, "वहिनी, मी नाटक करतोय असं वाटतं का हो?"

गेल्या डिसेंबरात, थंडी कडाक्याची असताना, कळ चालू असतानाच त्यांना दवाखान्यात नेले. ईसीजीच्या आलेखातला 'एसटी' नावाचा भाग वर चढलेला दिसला. जिभेखाली गोळी ठेवली, थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढला, तर तो भाग जागेवर! नव्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. धमनीत अडथळा नव्हता, धमनीच आवळत होती. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ प्रिन्झमेटल यांनी 1959 मध्ये असे रुग्ण नोंदवले होते. आचका नसताना अँजिओग्राफी केली तर ती स्वच्छ दिसणारच. पहाटेची कळ पकडायला चोवीस तासांचे होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचे ईसीजी यंत्र, लावता येते. तेही हुकले तर कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) ॲसिटिलकोलीन हे औषध देऊन मुद्दाम आचका आणून पाहतात. ते अर्थात अनुभवी हातांचेच काम.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न सिगारेटचा होता, आणि भावोजींनी सासूबाईंकडे पाहिले! ती सुटली. आता डिल्टियाझेम, म्हणजे धमनी सैल ठेवणारी गोळी, चालू आहे. बरे वाटते म्हणून गोळी आपणहून बंद करायची नाही, अशी सक्त ताकीद आहे. प्रोप्रॅनोलॉलसारख्या, ठोके मंद करणाऱ्या गोळीने हा आचका वाढू शकतो, हेही तेव्हाच कळले. छातीत दुखते म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या खाणाऱ्यांनी ऐकावे. आचका लांबला तर हार्ट अटॅक येतो, ठोकेही बिघडतात, म्हणून "थांबेल आपोआप" म्हणत घरी बसू नये, 108 ला फोन करावा.

डॉक्टर मंडळींना एकच विनंती: स्वच्छ रिपोर्टसोबत "दुखत असतानाच ईसीजी काढा" एवढी चिठ्ठी द्या. आमची फ्रिजवर लावलेली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर