कोणता माल घ्यायचा नाही, हे आधी ठरवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की बचत गटातून वीस-पंचवीस हजारांची उचल करायची, तुळशीबाग, रविवार पेठ किंवा उल्हासनगरहून घाऊक भावात माल आणायचा आणि तो सोसायटीत, ऑफिसात, व्हॉट्सॲपच्या गटांवर विकायचा, असा उद्योग आमच्या भागात घरोघरी सुरू होतो. तो करणाऱ्यांविषयी मला आदरच आहे, कारण पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका लहानशा गाळ्यातून सत्तावीस वर्षे मीही दुसरे काही केलेले नाही. मात्र सल्ला विचारायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘कशात मार्जिन जास्त आहे’ एवढेच विचारतो. कोणत्या मालाला हात लावू नये, असे विचारणारा वर्षाकाठी एखादा भेटला तर भेटतो. त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी हे पत्र आहे.

आधी एक साधा हिशेब मांडतो. दोनशे रुपयांची एक याप्रमाणे शंभर कुर्त्या आणल्या आणि त्या दोनशे ऐंशीने विकायच्या ठरवल्या, तर आणणाऱ्याला वाटते की प्रत्येक नगामागे ऐंशी रुपये सुटतात. प्रत्यक्षात गुंतवलेले वीस हजार वसूल व्हायला बहात्तर नग विकावे लागतात आणि सगळा नफा उरलेल्या अठ्ठावीस नगांत बसलेला असतो. घाऊक व्यापारी कपडा सेटने देतो, म्हणजे मिडियमपासून थ्री एक्सएलपर्यंत प्रत्येक मापाचे नग सारखेच येतात, आणि गिऱ्हाईक मात्र त्या प्रमाणात येत नाही. मधली मापे पंधरा दिवसांत संपतात, कडेची मापे आणि कोणाला न आवडलेला रंग कपाटात राहतो, आणि जे राहते तेच नेमके ते अठ्ठावीस असतात. अनेक गटांत व्याज शेकडा दोन रुपये महिना असते. म्हणजे वीस हजारांवर दरमहा चारशे. आठ महिने माल पडून राहिला की कागदावरच्या आठ हजारांच्या नफ्यातले बत्तीसशे व्याजातच गेले, आणि तोवर त्या कुर्तीच्या गळ्याची पद्धतही बदललेली असते. म्हणूनच नवख्याने सुरुवातीला मापाचा माल, म्हणजे तयार कपडे, पादत्राणे, अंतर्वस्त्रे, घेऊ नये असे माझे मत आहे. साड्या, चादरी, टॉवेल यांना माप नसते, हा त्यांचा गुण नवख्यांच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट परतीच्या मालाची. ऑनलाइन खरेदीत गिऱ्हाइकांनी परत केलेल्या वस्तू लॉटने, कधी नगावर तर कधी चक्क वजनावर, विकल्या जातात. दहा-अकरा वर्षांपूर्वी मीही या मोहात पडलो होतो आणि सहाशे रुपयांना एक या भावाने चोवीस मिक्सर उचलले होते. खोकी नवी दिसत होती, वर चिकटपट्टीही नवी होती. दुकानात आणून पहिले खोके उघडले, तर चटणीच्या भांड्याच्या झाकणाचे रबर हळदीने पिवळे पडलेले होते आणि पात्याखाली कढीपत्त्याचे वाळलेले पान अडकलेले होते. चोवीसपैकी नऊ चालू निघाले, काहींची मोटार जळालेली होती आणि दोन खोक्यांत तर भांडीच नव्हती. विकणाऱ्याकडे परत गेलो, तेव्हा त्याने ‘जसा आहे तसा’ असे लिहिलेली चिठ्ठी माझ्यापुढे धरली; तीवर सही माझीच होती. विकलेल्या नऊपैकी तीन पुढे तक्रारीसह परत आले, कारण कंपनीची हमी त्या मालाला नव्हती आणि मी तोंडी दिलेली हमी मलाच पाळावी लागली. आपल्यासारख्या शेवटच्या माणसापर्यंत लॉट येईस्तोवर तो दोन-तीन हातांतून चाळून झालेला असतो आणि चांगला नग वरच्या वर काढला गेलेला असतो, हे तेव्हा कळले. प्लग लावून, चालवून पाहू देत नसतील तर विजेवर चालणारी कोणतीही वस्तू लॉटने घेऊ नये.

तिसरा प्रकार मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात भांडवलाबरोबर अब्रूही जाऊ शकते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आणि त्याच वर्षीच्या १ जूनपासून दुचाकीच्या हेल्मेटलाही तीच सक्ती लागू झाली. हा नियम कारखानदारापुरता किंवा आयात करणाऱ्यापुरता नाही, तो विकणाऱ्यालाही लागू आहे. तरीही किलोवर मिळणारी चिन्हाविना खेळणी आणि रस्त्याकडेची दीडशे-दोनशेची हेल्मेटे ‘पटकन खपणारा माल’ म्हणून आजही नवख्यांच्या गळ्यात मारली जातात. चिन्ह छापलेले असले म्हणून ते खरे असतेच असेही नाही. त्याखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहिला की खरेखोटे दोन मिनिटांत समजते. हस्तव्यवसाय विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. (सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे ज्याने एकदा दुकानात मांडली आहेत, त्याला प्लॅस्टिकच्या खुळखुळ्यांची आठवण येणार नाही, पण हा माझा वैयक्तिक जिव्हाळा झाला.)

‘फर्स्ट कॉपी’ या गोंडस नावाने मिळणारे बूट, घड्याळे आणि अत्तरे यांविषयी फार लिहीत नाही. नाव कितीही इंग्रजी असले तरी तो बनावट माल आहे, आणि १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात असा माल विकणाऱ्यालाही सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे. वापरलेल्या मोबाइलचेही तसेच आहे. जुन्या बाजारात बिलाशिवाय मिळालेला मोबाइल चोरीचा निघाला, तर ‘मला माहीत नव्हते’ एवढे म्हणून सुटका होईलच असे नाही, कारण संशय घ्यायला कारण होते का, हेही पाहिले जाते. आणि निम्म्या किमतीत, बिल नसलेला, खोके नसलेला मोबाइल हे पुरेसे कारण आहे. ज्यांना हा धंदा करायचाच आहे, त्यांनी पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासावा आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत व सही घेऊनच पैसे मोजावेत.

खाण्याच्या मालाला दोन घड्याळे लागलेली असतात, एक मुदतीचे आणि एक परवान्याचे. दुसऱ्याने केलेला फराळ किंवा लोणची पुढे विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. आंब्याच्या दिवसांत हापूसच्या पेट्या आणून सोसायटीत विकणारे तरुण दर वर्षी दिसतात. त्यांतले बरेचसे एका मोसमानंतर थांबतात याचे कारण साका आहे: फळ बाहेरून निर्दोष, केशरी, घमघमणारे असते आणि कापल्यावर आतून पांढरट, आंबूस निघते. ते विक्रेत्याला आधी दिसू शकत नाही, आणि बदलून द्यायला त्याच्याकडे दुसरी पेटी नसते. त्यात कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ म्हणून माथी मारला गेला, तर गिऱ्हाईक बागायतदाराला नाही, तुम्हालाच बोलते.

कायदा बदलल्यामुळे एका दिवसात माल मातीमोल होतो, हेही आम्ही पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक व थर्मोकोलवर बंदी आली, विल्हेवाटीसाठी तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि २३ जूनपासून पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड सुरू झाला. आमच्या शेजारच्या गाळ्यात लग्नसराईसाठी भरलेल्या थर्मोकोलच्या ताटांची थप्पी छतापर्यंत होती. ज्या वस्तूवर बंदीची चर्चा चालू आहे, ती स्वस्त का झाली आहे, हे घेणाऱ्याने विचारायला हवे होते. त्याने विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही सुचले नाही.

बचत गटांना कर्जवाटपाच्या वेळी जे प्रशिक्षण दिले जाते, त्यात वेष्टन, जाहिरात, फोटो कसे काढावेत हे सारे असते. त्यात एक तास पक्क्या पावतीसाठी, परतीच्या अटीसाठी आणि कोणत्या वस्तूंना मानक चिन्ह सक्तीचे आहे त्यासाठी ठेवावा, अशी संबंधितांना विनंती आहे. आपल्या दैनिकानेही अशा वस्तूंची यादी व्यवसायाच्या पानावर छापावी. मात्र ती पितृपंधरवडा संपण्याआधी यावी, कारण घटस्थापनेपासून माल उचलायला सुरुवात होते आणि त्यानंतर कोणी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो.

आपला,
एक किरकोळ व्यापारी, पुणे