पाठ करून वाचवलेली कविता

संपादक साहेब, देशावरची कविता म्हटली की झेंडा, माती, रक्त एवढंच छापून येतं, पण पुसलेला इतिहास कित्येकदा कवितेतच टिकतो त्याचं काय? स्टॅलिनच्या काळात रशियन कवयित्री अॅना अख्मातोवानी, अटकेतल्या आपल्या माणसांसाठी तुरुंगाबाहेर लाईनीत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बायकांवर 'रेक्विएम' ही कविता लिहिली, कागद घरात ठेवणं डेंजर म्हणून मैत्रिणींनी ओळी पाठ केल्या आणि कागद तिनं जाळून टाकले, पुस्तक निघालं १९६३ ला तेही म्युनिकमध्ये, स्वतःच्या देशात छापायला १९८७ उजाडलं! नागरिक म्हणजे काय हे मला तरी भाषणांपेक्षा त्या लाईनीत जास्त कळलं. रविवार पुरवणीत पावसाच्या कविता भरपूर असतात (आवडतात, तक्रार नाही), पण असा एखादा अनुवादही छापा की कधीतरी.

— एक वाचक