हृदय तपासणी शिबिरात शिशाचं कोण विचारणार?

संपादक साहेब नमस्कार,

जागतिक हृदय दिन आला की पुण्यात पेठापेठांत तपासणी शिबिरं लागतात, फार चांगलं आहे. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं बघतात, सिगारेट ओढता का विचारतात, पण माणूस काम काय करतो हे कोणी धड विचारत नाही. बॅटरीच्या दुकानात काम करणारा, जुना ऑइलपेंट घासणारा रंगारी, कल्हईवाला, यांच्या पोटात आणि छातीत रोज शिसं जातंय आणि त्याने बीपी वाढतं, रक्तवाहिन्या खराब होतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2023 मध्येच सांगितलंय की शिसं, कॅडमियम, आर्सेनिक थोडं थोडं जरी वर्षानुवर्षं शरीरात जात राहिलं तरी हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

शिसं हाडात जाऊन बसतं आणि कित्येक वर्षं निघत नाही. शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं खरं पण त्याआधी स्वारगेटला, लक्ष्मी रोडला रोज धूर खाल्लेल्या आमच्या पिढीचं काय? बायकांची पाळी गेल्यावर हाडं झिजायला लागतात तेव्हा हेच शिसं परत रक्तात उतरतं, हे किती जणींना माहितीये?

आता तांब्यापितळेची भांडी परत घराघरात आलीत, मला आनंदच आहे, पण कल्हई शुद्ध कथलाची हवी, त्यात शिसं मिसळलं असेल तर चिंच-आमसुलाच्या आमटीत ते उतरतं. सुट्या हळदीचं पण तेच, पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, घालतात. बांगलादेशात हे सर्रास चालायचं, 2019 ला सरकारने छापे घातले, लोकांना सावध केलं आणि 2021 पर्यंत बाजारातल्या नमुन्यांत ते सापडेनासं झालं. त्यांना जमलं तर आपल्याला का जमू नये? अन्न व औषध प्रशासनाने सुट्या हळदीचे नमुने घ्यावेत आणि निकाल तुमच्यासारख्या पेपरात छापून आणावेत. महापालिकेने शिबिराच्या फॉर्मवर कामाचा रकाना टाकावा आणि ज्यांचं काम असं आहे त्यांची रक्तातल्या शिशाची तपासणी फुकट करावी.

आणि हे वाचून कोणी धातू बाहेर काढणारी सलाइन लावून घ्यायला पळू नका प्लीज, मधुमेह असलेल्या आणि आधी अटॅक येऊन गेलेल्या पेशंटवर अमेरिका-कॅनडात मोठी चाचणी झाली, 2024 ला निकाल आला, रक्तातलं शिसं उतरलं पण पुढचे अटॅक काही कमी झाले नाहीत.

एक वाचक,
कसबा पेठ, पुणे