पाचशे फटके आणि बाबांचा पिठ्ठू

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न.

परवा केंब्रिजहून गाडीने ईलीला जाऊन आले. बघायला गेले होते तिथलं जुनं मोठं चर्च, पण डोक्यात दिवसभर बाबाच होते. तिथल्या एका बंडाबद्दल आधी वाचलं होतं ना, म्हणून.

जून 1809. नेपोलियनशी युद्ध चाललेलं, त्यामुळे गावोगावच्या पोरांना मिलिशियात, म्हणजे स्थानिक राखीव फौजेत, कवायतीला ओढलेलं. ईलीत त्यांच्या पैशातून पिठ्ठूचे, म्हणजे पाठीवरच्या सामानाच्या पिशवीचे, पैसे कापले. हो बाबा, पिठ्ठूचेच! पोरं भडकली, अधिकाऱ्यांना घेरून हक्काचे पैसे मागायला लागली. लगेच राजाच्या पदरचं जर्मन घोडदळ बोलावलं. कोर्ट मार्शल होऊन पाच जणांना प्रत्येकी पाचशे फटके. थोडे मारले, उरलेले माफ केले म्हणे. केवढे उपकार!

फटक्यांची रीत अशी, की सार्जंटांचे भाले तिकाटण्यासारखे उभे करून माणसाला त्याला बांधायचं. सगळी पलटण भोवती उभी, शेजारी डॉक्टर. मारायचं काम ढोलवाल्यांचं. पंचवीस झाले की दुसरा ढोलवाला पुढे, म्हणजे दमलेल्या हाताचा हलका फटका बसायला नको. कालपर्यंत ज्याच्या तालावर पाय टाकले, त्याच्याच हातचा मार. मला तर पाठीपेक्षा तो ढोलवालाच जास्त खुपतोय.

विल्यम कॉबेट नावाच्या पत्रकाराने यावर टोमणे मारून लिहिलं, की नेपोलियन आपल्या सैनिकांना छळतो म्हणणाऱ्यांनी जरा हेही बघावं. त्याला 1810 मध्ये दोन वर्षं तुरुंग आणि हजार पौंड दंड. इथल्या लष्करातले फटके थांबायला 1881 उजाडलं.

बाबा, ट्रेनिंगमधली ती गोष्ट तुम्ही नेहमी हसत सांगता. बाटली हरवली दुसऱ्याची, आणि विटा भरलेला पिठ्ठू घेऊन मैदानाला फेऱ्या तुम्ही मारल्या. पण विटा भरून तो तुमच्या पाठीवर चढवला कुणी? तुमच्याच बराकीतल्या पोरानं ना? त्याच्याशी नंतर बोललात का कधी? हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

रविवारी फोन करेन तेव्हा सांगा. आणि आईला तेवढ्यात चहाला उठवू नका, तिलाही ऐकू दे.

तुमची,
धाकटी