सीबी रेडिओला बूस्टर नको, अर्थिंग नीट करा

संपादक साहेब, नमस्कार.

मी खानापूरचा. बेळगावातून भाजी भरून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटानं गोव्याला पिकअप घेऊन जातो. घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही आणि पावसात धुकं इतकं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही, म्हणून आम्ही चौघांनी गाड्यांत सीबी रेडिओ, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायचे कमी पॉवरचे वायरलेस सेट बसवलेत, झाड पडलं, दरड आली की मागच्याला लगेच सांगता येतं. पण हल्ली पोरं हे सेट कसेही बसवून वर बूस्टर (पॉवर वाढवायचा डबा) लावून घ्यायला लागलीत, ते बघून राहवत नाही म्हणून लिहितोय.

माझंच सांगतो. वायरमननं सेटची वायर सिगरेट लायटरच्या सॉकेटला जोडली आणि अँटेनाची पट्टी रंगावरच आवळून दिली. रेस वाढवली की स्पीकरमधून कुंईऽऽ असा डायनामोचा आवाज यायचा, आणि मागची गाडी किलोमीटरभरावर असूनही माझं बोलणं तिला पोचायचं नाही. तर तो म्हणतो शंभर वॉटचा बूस्टर टाकूया! नशीब माझं, ओळखीच्या एका हॅम (हौशी रेडिओ) लायसनवाल्या काकांना आधी दाखवलं. त्यांनी मीटर लावला तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती उलटी येते त्याचं माप, 1 च्या जितकं जवळ तितकं चांगलं) 3 च्या वर. पट्टी काढली, पॉलिश पेपरनं रुपयाएवढा रंग घासून पांढरा पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून पट्टी परत आवळली आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. काटा दीडवर आला! 27 मेगाहर्ट्झची लाट 11 मीटरची, तिची पाव म्हणजे पावणेतीन मीटरची काठी गाडीवर कोण लावणार, आपली तोकडीच असते, आणि अँटेनाचं अर्धं काम गाडीची बॉडी करते. मध्ये रंग राहिला की पॉवर उलटी सेटमध्ये येते आणि आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळायची भीती. मग दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत नेल्या, बॅटरीजवळच फ्यूज टाकला, बोनेटला बॉडीशी जाळीची पट्टी जोडली, कुंई बंद. मोठ्या ट्रकवाल्यांनो, तुमची लाइन 24 व्होल्टची असते, सेट 12 चा, तेव्हा कन्व्हर्टर लावा, दोनातल्या एकाच बॅटरीवरून करंट ओढू नका, ती बॅटरी लवकर बसते.

आता कायद्याचं. 2005 च्या केंद्राच्या नियमानं 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात 5 वॉटपर्यंत लायसन लागत नाही. बूस्टर लावला की ही सूट गेली, मग तो विनापरवाना वायरलेस झाला. 5 वॉटमध्ये असूनही दुसऱ्या कुणाला अडथळा झाला तर आपल्यालाच थांबावं लागतं. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वॉकीटॉकीचंही तसंच, 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झच्या बाहेर चालणारा सेट बिनालायसन वापरता येत नाही, आणि चेकपोस्टवर सापडला तर "दुकानदार बोलला चालतंय" हे कोण ऐकणार?

साहेब, एवढी माहिती पावसाळ्याआधी तुमच्या पेपरात मराठीत एकदा चौकट करून छापा, आरटीओनंही मराठी आणि कन्नडमध्ये बोर्डावर लावावी. आमचे बरेच ड्रायव्हर इंग्रजी वाचत नाहीत, वायरमन सांगेल तेच खरं धरून पैसे देतात.

आपला,
एक पिकअप चालक, खानापूर